वेस्टमिन्स्टर ॲबी : पायाखालची नावं वाचायला वेळ ठेवा

लंडनला माझी ही दुसरी खेप. २०१६ साली एका टूर कंपनीबरोबर आले होते. तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चसमोर बस थांबली, गाइडने पंधरा मिनिटं दिली आणि आम्ही सगळे दारापुढे फोटो काढून परत बसमध्ये जाऊन बसलो. छापील कार्यक्रमात मात्र ‘ॲबी दर्शन’ असं लिहिलेलं होतं. आत न्यूटनची कबर आहे हे ठाऊक असताना मी दारातून परतले, याची रुखरुख मनात राहिली ती राहिलीच. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय मी. यंदा मुलीकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात अकरा वर्षांच्या नातवाला बरोबर घेऊन ॲबी गाठली.

तिकीट महाग आहे, मोठ्या माणसाला तीस पाउंडांच्या घरात. अर्धा दिवस हाताशी असेल तर खुशाल काढा, तासाभरासाठी नको. रविवारी फक्त प्रार्थना असतात, पर्यटकांना फिरू देत नाहीत. हेडफोनचं गाइड तिकिटातच मिळतं आणि चांगलं आहे, पण त्याच्या मागे फरफटत जाऊ नका. ते तुम्हाला भिंतींवरचे पुतळे दाखवत पुढे नेतं आणि ॲबीतली अर्धी माणसं तर जमिनीत आहेत.

आत शिरल्या शिरल्या नातू जागीच थांबला. “आजी, खाली नाव लिहिलंय. इथे माणूस आहे?” होता. इथे पुरलेली आणि नुसतं स्मारक असलेली मिळून तीन हजारांहून जास्त माणसं आहेत. आमच्या घरी वहीला पाय लागला तरी नमस्कार करायची पद्धत, त्यामुळे पोरगं दगड चुकवत तिरकं तिरकं चालायला लागलं. तिथल्या एका स्वयंसेवक बाईंनी ते पाहिलं आणि जवळ येऊन समजावलं, की निर्धास्त चाल, इथे सगळे चालतात, फक्त एका कबरीवर पाय ठेवायचा नाही. ती अनाम सैनिकाची. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडलेला, नाव न कळलेला एक शिपाई ११ नोव्हेंबर १९२० रोजी इथे पुरला, तोही फ्रान्सहून आणलेल्या मातीत. वर बेल्जियमचा काळा संगमरवर आणि कडेने लाल पॉपीची फुलं. राज्याभिषेकाची मिरवणूकसुद्धा त्याला वळसा घालून जाते. नातवाने चपळाईने हात जोडले, मीही जोडले.

आता न्यूटन. गायकवृंदाच्या जागेपुढे जी कोरीव भिंत आहे, तिला लागून त्याचं संगमरवरी स्मारक आहे आणि सगळे त्याचाच फोटो काढतात. खरी कबर त्याच्या पुढ्यात, फरशीत. १७२७ साली पुरला. दगडावर लॅटिन ओळ आहे, तिचा अर्थ असा : आयझॅक न्यूटनचं जे मर्त्य होतं ते इथे ठेवलं आहे. तिथून दोन-चार पावलांवर स्टीफन हॉकिंगच्या अस्थी आहेत, २०१८ साली ठेवलेल्या, आणि त्याच्या दगडावर तीच ओळ इंग्रजीत आहे. दोघांमधली तीनशे वर्षं त्या एका वाक्याने सांधलेली पाहिली आणि मला खाली वाकून दगडाला हात लावल्याशिवाय राहवलं नाही.

हॉकिंगच्या दगडावर कृष्णविवराभोवतीची वलयं कोरली आहेत आणि त्यांत त्याचं समीकरण, कृष्णविवराचं तापमान सांगणारं. नातवाला तिथेच उकिडवं बसवून एकेक अक्षर दाखवलं. वर प्रकाशाच्या वेगाचा घन. खाली M, म्हणजे वस्तुमान. ते खाली आहे म्हणून कृष्णविवर जितकं मोठं तितकं थंड आणि जितकं लहान तितकं गरम. आणि M च्या शेजारचा G? तो गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, न्यूटनच्या नियमातला. “म्हणजे हा G त्या आजोबांचा?” असं म्हणून त्याने न्यूटनच्या दगडाकडे बोट केलं. वर्गात फळ्यावर मी हे शेकडो मुलांना सांगितलं असेल, पण बोट दाखवायला असा दगड कधी नव्हता. आम्ही तिथे पाऊण तास होतो, कुणी हटकलं नाही. डार्विनही जवळच आहे. त्याच्या दगडावर नुसतं नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा.

राजे-राण्यांच्या भागात गर्दी फार, तिथे आम्ही रेंगाळलो नाही. एलिझाबेथ पहिली आणि तिची सावत्र बहीण मेरी मात्र चुकवू नका. हयातीत एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या दोघी एकाच थडग्यात आहेत, आणि वर पुतळा फक्त एलिझाबेथचा. राज्याभिषेकाच्या सातशे वर्षं जुन्या खुर्चीवर शाळकरी पोरांनी नावं कोरून ठेवलीत. एकाने तर जुलै १८०० मध्ये आपण या खुर्चीत झोपलो असंही खोदलंय. नातवाला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

कवींचा कोपरा चॉसरपासून सुरू होतो. तो १४०० साली गेला. मला तिथे ब्राँटी बहिणींची, म्हणजे त्या इंग्रजी कादंबरीकार बहिणींची, पाटी बघायची होती. त्यांच्या आडनावातल्या शेवटच्या अक्षरावर दोन टिंबं असतात, ती १९३९ साली पाटी बनली तेव्हा राहून गेली होती. २०२४ मध्ये ती कोरून घेतली. इतक्या वर्षांनी का होईना, दोन टिंबांसाठी छिन्नी हातात घेतली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि एक गोष्ट मराठी माणसाने शोधून पाहावी अशी. उत्तरेकडच्या बाजूला आयर कूट या इंग्रज सेनापतीचं स्मारक आहे, ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेलं, शिल्पकार थॉमस बँक्स. त्यात विजयाची देवता आहे आणि खाली बसलेला, जवळजवळ उघडा, हताश कैदी आहे. तो मराठा आहे. कूट गाजला तो वांदिवाशला फ्रेंचांशी (१७६०) आणि पोर्टो नोव्होला हैदर अलीशी (१७८१) लढून, मराठ्यांशी नव्हे. उलट जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कंपनीच्या फौजेने मराठ्यांपुढे हात टेकून तह केला होता. त्यानंतर दहाएक वर्षांत हा दगड घडला. शिल्प म्हणून ते उत्तम आहे, त्या पाठीची आणि खांद्यांची घडण बघत राहावी अशी. पण पोटात तुटतं. मी नातवाला वडगावची हकीकत तिथेच, त्या मूर्तीपुढे उभं राहून सांगितली.

पैसे खर्चायचे नसतील तर इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला जा, त्याला तिकीट नाही. आम्ही पुढच्या मंगळवारी गेलो. गायकांचे स्वर छताला लागून खाली उतरत होते आणि नातू तासभर चुळबुळ न करता बसला. मात्र तेव्हा आत हिंडता येत नाही, प्रार्थना संपली की थेट बाहेर. न्यूटन, हॉकिंग आणि तो मराठा यांच्यासाठी तिकीट काढून सकाळीच जावं लागेल.