बोक्याची लघवी वारंवार तुंबते तेव्हा: वर्षभराच्या वापरानंतर काय टिकलं, काय नाही

गेल्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत आमच्या भुऱ्यासाठी ज्या ज्या वस्तू आणल्या, त्यातल्या कशाचे पैसे वसूल झाले आणि कशाचे नाही, ते सविस्तर लिहितेय. भुऱ्या म्हणजे नसबंदी झालेला, पाच वर्षांचा, अंगाने भरलेला बोका. घर मालवण तालुक्यात, किनाऱ्याला लागून. लघवीचा त्रास त्याला वरचेवर व्हायचा, आणि एकदा तर पूर्ण तुंबली. नळी घालून मोकळी करावी लागली. सलाइन, रक्ततपासण्या, डॉक्टरांकडचा मुक्काम धरून बिल पाच आकडी झालं. ते भरलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा भरीन, पण दर पावसाळ्यात ते झेपणारं नाही.

निकाल आधीच सांगते. सगळ्यात जास्त गुण पाण्याला. त्याखालोखाल औषधी खाण्याला. बाकीच्या वस्तूंपैकी लिटर, म्हणजे मांजराच्या लघवीच्या ट्रेमध्ये घालायची माती, सोडून फार थोड्यांचा उपयोग झाला.

आधी आजाराबद्दल, कारण तो कळल्याशिवाय पैसे कुठे घालायचे ते कळत नाही. मांजर सारखं लघवीला बसतं, थेंब थेंब होते, कधी रक्त दिसतं, की आपण म्हणतो इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक द्या. माणसात ते बरोबर असेल, पण तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच निघतो. बहुतेकदा मूत्राशयाला नुसती सूज असते, जिचं ठोस कारण सापडत नाही आणि जी ताणाने उसळते. काहींना खडे होतात. खड्यांचे मुख्य प्रकार दोन. स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा खडा, खाणं बदलून विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो. बोक्याची मूत्रनळी अरुंद असल्यामुळे सूज, चिकट स्राव आणि बारीक क्षार यांचं बूच बसून लघवी अडते. भुऱ्याचं हेच झालं होतं, आणि त्यातले क्षार स्ट्रुव्हाइटचे निघाले. म्हणून पहिला खर्च तपासणीवर करा. एक्स-रे किंवा सोनोग्राफी आणि ताज्या लघवीची तपासणी. 'ताज्या' यावर जोर देते. नमुना फ्रिजमध्ये ठेवला तर थंडीने त्यात नवे स्फटिक तयार होतात आणि रिपोर्ट उगाच घाबरवतो.

आता आपल्याकडचा पावसाळा. भुऱ्याचा त्रास आषाढाच्या आसपास का वाढतो, हे मी डॉक्टरांसमोर बसून एकेक सांगत गेले तेव्हा उलगडलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. एरवी बांगड्या-तारल्यांचे उकडलेले तुकडे खाणारा बोका या दिवसांत कोरड्या दाण्यांवर आणि सुक्या मासळीवर येतो. बाहेर धो धो पाऊस, परसातली त्याची जागा चिखल झालेली, त्यामुळे तो लघवी धरून बसतो. हालचाल नाही, वजन वाढतं. पाणी कमी, लघवी दाट आणि ती तासन् तास मूत्राशयात साठलेली. क्षार जमायला आणखी काय लागतं? सुकट आणि जवळा मी त्याला पूर्ण बंद केला. त्यात मीठ आहेच, पण सालं-काट्यांसकट क्षारही भरपूर. कच्ची मासळीही नाही, कारण काही माशांतल्या एका घटकामुळे मांजराच्या अंगातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. शिजवली की ही अडचण राहत नाही, पण नुसत्या मासळीवर मांजर ठेवू नये.

औषधी खाणं म्हणून आम्ही रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, कोरडे दाणे वापरले. हिल्सचं सी/डी आणि फार्मिनाच्या वेट लाइफमधलं स्ट्रुव्हाइटसाठीचं खाणंही याच कामाचं आहे. जे वेळेवर मिळेल आणि डॉक्टरांना मान्य असेल ते घ्या. यात मॅग्नेशियम बेताचं असतं आणि लघवी थोडी आम्लाकडे झुकते, त्यामुळे स्ट्रुव्हाइट जमत नाही. दीड किलोची पिशवी दीड-दोन हजारांच्या घरात जाते आणि भुऱ्याला महिनाभर पुरते. महाग वाटते खरी. पण याच प्रकारचे ओले पाऊच तिन्ही त्रिकाळ द्यायचे तर खर्च त्याच्या दुपटीपलीकडे जातो, ते आमच्याने शक्य नव्हतं.

म्हणून मधला मार्ग काढला, आणि या अख्ख्या लिखाणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. दाणे भिजवून द्यायचे. हिशेब असा: मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे पाच किलोच्या बोक्याला अडीचशे. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात पाऊणशेच्या वर टक्के. साठ ग्रॅम दाण्यांतून त्याला पाच-सहा मिलिलिटर पाणी मिळतं, बाकीचं त्याने वाटीतून प्यायचं, आणि मांजराची तहान मुळात मंद. मी सकाळी मूठभर दाण्यांवर पाच मोठे चमचे कोमट पाणी घालते आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवते. दाणे फुगून मऊ होतात, तळाला पाणी राहतं, ते तो चाटून पुसून घेतो. रात्रीही तसंच. सुरुवातीला त्याने तोंड लावलं नाही. तेव्हा एक चमचा पाण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू वाढवत नेलं. 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातही वजनदार, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच्या यकृतावर चरबी चढते, तो वेगळाच जीवघेणा आजार.

पाण्याला वास यावा म्हणून बांगड्याची डोकी नुसत्या पाण्यात उकळून, गाळून त्याचे दोन-तीन चमचे वरून. मीठ नाही, कोकम नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराला विषारी आहे. आमटीतला तुकडा धुऊन देणंही यासाठीच बंद. पहिले काही महिने फक्त औषधी खाणं दिलं. मग तपासणी समाधानकारक आल्यावर डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणाला साधा ग्रेव्हीचा पाऊच चालेल म्हटलं, तेव्हा पिशवी दोन महिने जायला लागली. हा बदल मनाने करू नका, कारण बाहेरचं खाणं जास्त झालं तर औषधी खाण्याचा परिणाम उरत नाही.

दमट हवेबद्दल एक सूचना. पिशवी फोडली की दाणे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, नाहीतर पावसात आठवड्याभरात बुरशीचा वास येतो. भिजवलेलं खाणं तासाभरात उचला. मुंग्यांसाठी ताटली पाणी भरलेल्या थाळीत ठेवा.

पाण्याचं कारंजं, म्हणजे विजेवर चालणारं फिरत्या पाण्याचं भांडं, मोठ्या आशेने घेतलं होतं. नवलाईचे दिवस तो प्यायला. मग मोटरीत बुळबुळीत थर साचायला लागला, दर तीन-चार दिवसांनी खोलून घासावं लागे, आणि पावसात वीज गेली की पाणी थांबलेलंच. काही मांजरांना त्याचा फरक पडतो म्हणतात, माझ्याकडे पडला नाही. त्याऐवजी चिनी मातीच्या रुंद, उथळ वाट्या ओटीवर, माजघरात आणि माळ्याच्या जिन्याखाली ठेवल्या, खाण्यापासून लांब, आणि पाणी रोज दोनदा बदललं. रुंद यासाठी की मिशा कडेला घासू नयेत. या वाट्यांतून तो कारंज्यापेक्षा जास्त पितो.

लिटरच्या बाबतीत मी ठाम झालेय. गोळे बांधणारी बेंटोनाइटची माती महाग आहे, पण ती घरातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. बरा असतो तेव्हा दिवसाला दोन-तीन मोठे, लिंबाएवढे गोळे निघतात. त्रास सुरू होणार असला की त्याच मातीत सुपारीएवढ्या गोळ्या जागोजागी दिसायला लागतात, मांजर अजून ओरडतही नसतं तेव्हा. गणपतीत मला हे दिवसभर आधी कळलं ते या ट्रेमुळे. खर्च आवरायला एकाच ट्रेमध्ये ही माती ठेवली, दुसऱ्यात लाकडाच्या वखारीतला भुसा चाळून. एका मांजराला दोन ट्रे हवेतच. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण ती दमट राहते, पायाला चिकटते आणि गोळा बांधत नाही. तिच्यात काही कळत नाही.

गणपतीचं म्हटलं ते यासाठी की आमच्या घरी तेव्हा मुंबईचे चाकरमानी येतात. घर भरलेलं, आरत्या, झांजा, फटाके, मुलं. सणाची मजा सगळ्यांना, मांजराला मात्र त्याचं घर ओळखू येत नाही. गेल्या भाद्रपदात खाणंपाणी सगळं नीट असूनही त्याला लघवीच्या त्रासाचा हलका झटका आलाच. लघवी होत होती म्हणून डॉक्टरांनी फक्त दुखण्यावरचं औषध दिलं, आणि चार-पाच दिवसांत उतरलं. तेव्हापासून सण जवळ आला की मागची खोली त्याची: ट्रे, वाटी, जुनी चादर, दार ओढलेलं. शिमग्यात पालखी नाचली तेव्हा तो आत झोपून होता, त्रास झाला नाही.

घरगुती उपायांबद्दल लोक फार विचारतात. गोखरू, जवाचं पाणी, लिंबू, व्हिनेगर. मूत्राशयाची नुसती सूज असेल तर झटका बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे पाजलं त्यालाच श्रेय मिळतं. औषध लागू पडलं का, हे झटका थांबण्यावरून ठरवू नका, पुढचा झटका किती लांबला यावरून ठरवा. औषधी खाण्यावर आणखी आंबट काही देणं तर धोक्याचं, लघवी प्रमाणाबाहेर आम्ल होते. मीही महागड्या पुड्या आणल्या होत्या, त्या घातल्यावर आणि बंद केल्यावर काही फरक दिसला नाही. आणि माणसाची क्रोसिन, पॅरासिटामॉल कधीही नाही. मांजराला ते पचवता येत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

काटकसर जिथे करायची नाही ती जागा एकच. लघवी पूर्ण तुंबली तर. आमच्याकडे ते सासूबाईंच्या लक्षात आलं. "गो, ह्यो सारखो बसता, पण ह्येका मुताक होणा नाय," त्या म्हणाल्या. तेच वाक्य मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी लगेच निघायला सांगितलं. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. ट्रेमध्ये बसून जोर करणं, सारखं चाटणं, पोटाला हात लावू न देणं, उलट्या, खाणं बंद, आणि ट्रे कोरडा, असं असेल तर सकाळची वाट बघू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदय बंद पडतं, आणि हे एक-दोन दिवसांत होतं.

तालुक्याचा सरकारी दवाखाना गाई-म्हशींसाठी उत्तम, डॉक्टरही मदतीचे, पण बोक्याला नळी घालण्याची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. म्हणून आत्ताच, मांजर बरं असताना, आजूबाजूच्या दोन-तीन डॉक्टरांना विचारून ठेवा: बोक्याला कॅथेटर घालता का, रात्री फोन उचलता का, रविवारी कोण असतं. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतात, तेव्हा कोल्हापूरच्या भरवशावर राहू नका, घाटाखालचं एक नाव हवंच. आम्ही पोस्टात त्याच्या नावाने छोटं आवर्ती खातं चालवतो, दर महिन्याला जमेल तेवढं. ते पैसे दुसऱ्या कशाला काढत नाही.

वर्षभरात पुन्हा तुंबली नाही, हलका झटका तो गणपतीतला एकच. एका मांजराचा अनुभव आहे, याहून मोठा दावा करत नाही. औषधी दाण्यांची पुढची पिशवी मी मे महिन्यातच मागवते. जूननंतर कुरिअरची गाडी आमच्या गावापर्यंत कधी पोचेल सांगता येत नाही, आणि भिजवायला दाणेच नसले तर बाकी सगळं व्यर्थ.