उडती मोटार, की क्लबचे विमान आणि दारातली साधी गाडी?

खाजगी वैमानिकाचा परवाना हाती आलेले किंवा त्याचे प्रशिक्षण संपवत आणलेले कॅलिफोर्नियातले मराठी मित्र हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. उडत्या मोटारीसाठी अनामत भरून वाट पाहावी, की फ्लाइंग क्लबचे सभासद होऊन सेसना १७२ हे लहान विमान तासाच्या भाड्याने उडवावे आणि जमिनीवर आपली नेहमीची गाडी वापरावी? हा निर्णय मलाही घ्यावा लागला आणि मी क्लबचा मार्ग धरला. तरीही दुसऱ्या बाजूत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

मोटार उडू शकते का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. मोल्ट टेलर यांची एरोकार १९४९ मध्ये उडाली आणि १९५६ मध्ये तिला अमेरिकन सरकारचे प्रमाणपत्रही मिळाले. तरी एकूण सहाच गाड्या तयार झाल्या. स्लोव्हाकियात श्टेफान क्लाइन यांची एअरकार जून २०२१ मध्ये निट्राहून ब्रातिस्लाव्हाला पस्तीस मिनिटांत पोचली, सव्वादोन मिनिटांत पंख मिटून रस्त्यावर आली आणि शहरात शिरली. पुढच्याच जानेवारीत तिलाही उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळाले.

उडत्या मोटारीचा सर्वांत मोठा फायदा हवामानाच्या बाबतीत आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे ढग वॉट्सनविल किंवा हाफ मून बेसारखे किनारी विमानतळ सकाळी सकाळी झाकून टाकतात, आणि ज्याच्याकडे केवळ दृश्य उड्डाणाचा, म्हणजे ढगांत न शिरता बाहेर पाहून उडण्याचा, परवाना आहे त्याला ते विरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. सॅन लुईस ओबिस्पोहून परतताना पुढचे आकाश बंद होते आहे असे दिसले, तर उडत्या मोटारीचा मालक पासो रोबल्सला उतरेल, पंख मिटेल आणि १०१ महामार्गाने रात्रीपर्यंत घरी पोचेल. सेसनाच्या वैमानिकाला मात्र तिथेच मुक्काम करावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असेल तर घरी लवकर परतण्याचा मोह निर्णयावर दबाव आणतो. हा दबाव मी अनुभवला आहे. तो नाहीसा करणारे कोणतेही यंत्र मला आदरास पात्र वाटते.

मुक्कामी पोचल्यावर विमानतळापासून पुढे जायचे कसे, ही अडचण मात्र माझ्या अनुभवात सांगितली जाते तितकी मोठी नाही. अनेक लहान विमानतळांवर एखादी जुनी ‘क्रू कार’, म्हणजे आलेल्या वैमानिकांसाठी ठेवलेली गाडी, असते. इंधन भरून परत करण्याच्या बोलीवर ती दोन तासांसाठी मिळते. हॅरिस रँच या उपाहारगृहाला तर धावपट्टीवरून चालत जेवायला जाता येते. या देशात सार्वजनिक वापराचे पाच हजारांहून अधिक विमानतळ आहेत, म्हणूनच दोन्ही पर्यायांचा विचार तरी करता येतो. पुण्याहून कोकणात जाण्यासाठी असा हिशेब मांडता येणार नाही, हे पुण्यातल्या नातेवाइकांना मी नेहमी सांगतो.

माझा निर्णय ठरला तो एका वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीमुळे. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून तपासणी करताना मी प्रोपेलरच्या पात्याच्या पुढच्या कडेवरून बोट हलकेच फिरवतो. एका शनिवारी तिथे नख अडकले. खडा उडून पडलेली ती खाच तांदळाच्या दाण्याएवढीही नसेल. पण मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या पात्यावर सारा ताण अशाच जागी एकवटतो आणि तिथूनच तडा सुरू होऊ शकतो. मेकॅनिकने कानस लावून कड गुळगुळीत करेपर्यंत आणि लॉगबुकात नोंद करेपर्यंत विमान उडवायचे नाही, एवढे स्पष्ट होते. आम्ही साधी गाडी काढली आणि तिने गेलो. त्याच गाडीच्या मागच्या दाराला एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कोणाची तरी ट्रॉली आपटून पोचा आलेला आहे. तो मी आजतागायत काढलेला नाही, आणि काढण्याची गरजही पडलेली नाही.

उडत्या मोटारीत ही दोन वाहने एकच होतात, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. ज्या कवचावर तुमचा जीव आकाशात अवलंबून असणार, तेच कवच आठवडाभर ट्रॉल्या, उडणारी खडी आणि घाईने उघडलेली शेजारच्या गाडीची दारे सोसणार. कार्बन फायबरसारख्या पदार्थावर आघात झाला तर वरचा रंग शाबूत राहूनही आतले थर सुटू शकतात, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वाहन उड्डाणयोग्य आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी कायद्याने वैमानिकाची असते. मग तुम्ही कार्यालयात असताना पार्किंगमध्ये काय घडले याची खात्री तुम्ही कशाच्या आधारावर देणार? हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडमध्ये, कुलूपबंद असलेल्या विमानाबद्दल ही शंका फारच कमी राहते. माझ्यासारख्या थोड्या जास्तच काळजी करणाऱ्या माणसाला रस्त्यावर उभ्या राहिलेल्या वाहनातून मुलाबाळांना घेऊन उडताना मनःस्वास्थ्य लाभले नसते.

वजनाचा प्रश्न याच्याच जोडीला येतो. टेराफुजिया या कंपनीच्या ट्रान्झिशन नावाच्या उडत्या मोटारीला रस्त्यावरची सुरक्षा-साधने सामावून घेण्यासाठी हलक्या विमानांसाठीच्या १,३२० पौंड वजनमर्यादेतून २०१० मध्ये सूट घ्यावी लागली आणि २०१६ मध्ये ती मर्यादा १,८०० पौंडांपर्यंत वाढवून घ्यावी लागली. एवढे करूनही त्यात जागा दोघांचीच. सेसनात चार आसने असतात. घराच्या अंगणातून सरळ वर उडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या वाहनांबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही. परवान्याशिवाय चालवता येणारी जेटसन वनसारखी यंत्रे एकआसनी असतात, वीसेक मिनिटे उडतात आणि नियमानुसार दाट वस्तीवरून नेता येत नाहीत. त्यामुळे कामावर ये-जा करण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही.

याउलट सॅक्रामेंटोजवळच्या कॅमेरॉन पार्कसारख्या वसाहतीत, जिथले रस्ते विमाने चालवत नेण्याइतके रुंद आहेत आणि घरालाच हँगर जोडलेले असते, तिथे राहणाऱ्याचे मत माझ्यापेक्षा वेगळे होऊ शकेल. त्याचे वाहन बहुतेक वेळ त्याच्याच छपराखाली राहील, आणि हवामान बिघडल्यावर गाडीने घरी येण्याची सोय त्याला खरोखरच लाभेल. बाकीच्यांनी माझ्या मते क्लबचे सभासदत्व घ्यावे. तरीही अनामत भरण्याचा विचार पक्का असेल, तर वेगाचे आणि पल्ल्याचे आकडे विचारण्याआधी कंपनीकडून एक गोष्ट लेखी मागावी: पार्किंगमध्ये पोचा आला तर पुन्हा उडण्याची परवानगी कोण देणार, ती तपासणी तुमच्या गावाजवळ कुठे होणार, आणि तोवर ते वाहन किती दिवस जमिनीवर राहणार.