तबकडीवरच्या नावापलीकडे : ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’

वडिलांच्या मागे राहिलेल्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकड्यांची नीट यादी करावी म्हणून मी बसले, तेव्हा पहिली अडचण आली ती गायकांच्या नावांची. ‘महल’ (1949) या चित्रपटातील ‘आएगा आनेवाला’ची तबकडी त्यात होती आणि तिच्या लेबलवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. गाणे लता मंगेशकरांचे आहे, हे सांगायला कोणत्याही कोशाची गरज नाही. पण त्याच पेटीतल्या, आज कोणाच्या स्मरणातही न उरलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांवर असेच एखादे पात्राचे नाव असेल, किंवा नावच नसेल, तर काय करायचे? या शोधात असताना एका जुन्या संग्राहकांनी मला कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी संकलित केलेला ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ पाहायला सांगितले. गेली काही वर्षे मी तो सतत वापरते आहे आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासाचा मनापासून अभ्यास करू इच्छिणाऱ्याने सुरुवात येथूनच करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

कोशाची मांडणी दशकानुसार आहे. 1931 ते 1940 हा पहिला खंड, 1941 ते 1950 हा दुसरा, आणि याच क्रमाने पाचवा खंड 1980 पर्यंत येतो. छापले मात्र ते या क्रमाने गेले नाहीत : 1951 ते 1960 या काळाचा तिसरा खंड सर्वांत आधी, 1980 साली आला आणि सर्वांत जुन्या दशकाच्या खंडाला 1988 उजाडले. त्या पहिल्या दशकाची माहिती जमवणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना यावरून येते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला; त्यात सात गाणी होती, पण त्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. चित्रपटाची प्रत नष्ट झालेली, तबकडी नाही, अशा वेळी हाताशी उरते ती चित्रपटगृहाच्या दारात विकली जाणारी गाण्यांची चोपडी. आणि तिच्यात गाण्याचे शब्द असले, तरी ते गायले कोणी हे बहुधा नसते.

कोशातील प्रत्येक नोंदीत चित्रपटाचे नाव, निर्मिती संस्था, दिग्दर्शक, कलाकार, संगीतकार, गीतकार, गाण्यांच्या पहिल्या ओळी व गायक, आणि उपलब्ध असेल तेथे तबकडीचा क्रमांक दिलेला आहे. माझ्या दृष्टीने कोशाचे सर्व मोल या क्रमांकात आहे. लेबलवरचे नाव फसवू शकते, कागद झिजून अक्षरे पुसली जातात, पण क्रमांक जुळला की ही तबकडी कोणत्या चित्रपटाची आणि दुसऱ्या बाजूला कोणते गाणे असायला हवे, हे निश्चित करता येते. ‘महल’चेच पाहा. संगीत खेमचंद प्रकाश यांचे, गीते नक्शब यांची, आणि गायिकांत लताबाईंबरोबर राजकुमारी व ज़ोहराबाई अंबालेवाली. एकाच चित्रपटात मावळती आणि उगवती पिढी शेजारी शेजारी गाते आहे, हे त्या यादीवर नजर टाकताच ध्यानात येते.

ज्या गायकाचे नाव मिळाले नाही, तेथे जागा मोकळी सोडण्याचा प्रामाणिकपणा या कोशाने दाखवला आहे. आज इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्यांत अशी मोकळी जागा क्वचितच दिसते. कोणीतरी अंदाजाने नाव घालतो, दुसरा ते उतरवून घेतो आणि चार वर्षांत तो इतिहास ठरतो. याची मला अतिशय खंत वाटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नोंदी चित्रपटानुसार असल्यामुळे चित्रपट ठाऊक असेल तर काम पटकन होते, पण एका गायकाची वाटचाल पाहायची तर दहा वर्षांची पाने उलटावी लागतात. सी. रामचंद्र यांच्यासारख्या कलावंताच्या बाबतीत वाचकाची तयारीही लागते, कारण त्यांनी संगीतकार म्हणून राम चितळकर, अण्णासाहेब अशीही नावे लावली आणि गायक म्हणून ते नुसते ‘चितळकर’ असत. गैरफिल्मी गीते येथे नाहीत. मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवेल : प्रभातने ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (1939) असे एकच कथानक दोन भाषांत आणले, पण येथे त्यातली हिंदी बाजूच मिळते, ‘माणूस’च्या गाण्यांसाठी मराठी साधनांकडेच वळावे लागते.

कोशाला पूरक म्हणून मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे ‘द रेकॉर्ड न्यूज़’ हे नियतकालिक अवश्य वाचावे. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने त्याचे अंक इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. कोशात गाणे कोणाचे ते कळते. तबकड्या कोणत्या कंपन्यांनी काढल्या आणि त्या कशा विकल्या गेल्या, हे या अंकांतून समजते.

कोशाचे जुने खंड सहजासहजी मिळत नाहीत. माझा दुसरा खंड एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून टपालाने मागवला, तेव्हा मूळ प्रतीच्या किमतीत छायाप्रत आली आणि नेमके क्रमांकांचे रकाने इतके फिके होते की भिंग घेऊनही 3 आणि 8 मधला फरक कळेना. तेव्हा पैसे देण्यापूर्वी दोन-चार पानांची छायाचित्रे मागवावीत. एकच खंड घेणे परवडणार असेल, तर 1941 ते 1950 चा घ्यावा. ‘धूप छाँव’ने (1935) पार्श्वगायन सुरू करून दिले होते, तरी या दशकातही स्वतः गाणारे नट आणि पार्श्वगायक दोघेही होते, त्यामुळे लेबलवरच्या नावांचा गोंधळ सर्वाधिक याच वर्षांत आढळतो.