ड्रायव्हर सीट घरी काढली, त्याला आठ महिने झाले

गाडी अकरा वर्षांची सेडान. ड्रायव्हर सीट उजवीकडे कलली होती. पुणे-कोल्हापूर केलं की त्या बाजूची कंबर धरायची. फोम बसला असं समजून दोन वर्षं उशी घेऊन फिरलो. सीट काढून उलटी केली तेव्हा कळलं, खालच्या नागमोडी स्प्रिंगची तार हुकापाशी तुटून फोममध्ये घुसली होती.

काढणं सोपं आहे. रुळांच्या टोकांना चार बोल्ट, माझ्या गाडीत १४ नंबरचे. सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन, पुढे घेऊन मागचे दोन. जपायचं ते खालच्या पिवळ्या कनेक्टरला, ती एअरबॅगची वायर. बॅटरीचं निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो, मगच हात लावला. एवढं सांभाळून पुढे माती खाल्लीच. सीट दुरुस्तीला गेलेली, त्यात सोसायटीत टँकर आला. गाडी हलवायला बॅटरी जोडून चावी फिरवली. हँडब्रेक सोडून ढकलली असती तरी भागलं असतं! एअरबॅगचा दिवा लागला तो सीट बसवल्यावरही विझेना. शेवटी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसावा लागला.

नाना पेठेतला सीटवाला आधी नवं कव्हरच गळ्यात मारत होता. ते नको म्हटल्यावर त्याने भंगारातल्या सीटची स्प्रिंग बसवली, स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये जाड नमदा (दाबलेल्या तंतूंचा थर) घातला, आणि चढता-उतरताना घासून झिजलेल्या कडेला रीबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून केलेला) तुकडा चिकटवला. कव्हर जुनंच, ते ताणून धरणाऱ्या तारेच्या रिंगा नव्या. २,२०० रुपये. सीटच्या पाठीला मात्र मी हात लावू दिला नाही. तिथे साइड एअरबॅग आहे आणि त्या बाजूची शिवण वेळ आली की फुटावी अशीच घातलेली असते.

घाम फुटला तो बसवताना. दुकानात कोणीतरी सीट सरकवायचा लिव्हर ओढला असणार. एक रूळ दुसऱ्यापेक्षा दोन खाचा पुढे. भोकं जुळेनात, आणि मी अर्धा तास बोल्टांवर चिडतोय. दोन्ही रूळ एका खाचेवर आणल्यावर सीट निमूट बसली. चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्या, नाहीतर तिरके शिरून आटे जातात. बेल्टचं बक्कल सीटलाच असल्याने अपघातात सगळा ओढा या बोल्टांवर येतो. म्हणून अंदाजाने न आवळता ओळखीच्या गॅरेजमधून टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) आणला, आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घेतला.

पहिला महिना सीट फळीसारखी कडक आणि थोडी उंच वाटली, आरसे पुन्हा लावावे लागले. नंतर ती मुरली. कोल्हापूर तीनदा झालं, कंबर गप्प आहे. कडेचा फोम मात्र परत दबायला लागलाय. तिथे काटकसर नको होती.

आता बायकोच्या बाजूची सीट कुरकुरते. तिच्यात बसलेल्याचं वजन ओळखणारा सेन्सर आहे, त्यामुळे ती गॅरेजमध्येच जाईल. हे ऐकून बायको म्हणाली, "बरं झालं."