मॅस्टोडॉनवरची चांदणी आणि दवंडी

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बसून मी सव्वा वर्षापासून मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम वापरतो आहे. वावरातले फोटो टाकावेत आणि कापसाच्या भावावर चार ओळी लिहाव्यात, एवढाच माझा वापर असल्यामुळे हे परीक्षण तंत्रज्ञाचे नसून कास्तकाराचे आहे. पसंती आणि प्रसार या दोन बटणांपुरतेच ते मी मर्यादित ठेवतो, कारण समाजमाध्यमाचा स्वभाव तिथेच कळतो असे माझे मत आहे.

मॅस्टोडॉन २०१६ साली ऑयगेन रोच्को यांनी जर्मनीत सुरू केले. सगळ्यांचा मिळून एक मालक आणि एक मुख्य संगणक अशी व्यवस्था इथे नाही. लहानमोठे असंख्य सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या सामाईक नियमावलीनुसार एकमेकांना निरोप पोहोचवतात. इथे पसंतीची चांदणी दाबली की लिहिणाऱ्याला पोच मिळते आणि विषय तिथेच संपतो. मुख्य यादी वेळेच्या क्रमाने चालते, त्यामुळे शंभर चांदण्या पडल्या तरी नोंद तिच्यात वर सरकत नाही. चर्चेतल्या नोंदींचा वेगळा विभाग आहे खरा, पण मी तिकडे क्वचितच फिरकतो.

प्रसारासाठी ‘बूस्ट’ हे वेगळे बटण आहे. ते दाबले की मूळ नोंद, मूळ लेखकाच्या नावासह आणि ‘अमुक यांनी बूस्ट केले’ अशा उल्लेखासह, माझ्या अनुयायांपुढे जाते. पूर्वी आमच्याकडे कोतवाल दवंडी देत असे, तेव्हा ती कुणाच्या हुकुमाने निघाली आणि कुणाच्या तोंडून आली, या दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक असत. बूस्टचे तेच आहे. याची किंमत मला गेल्या हंगामात कळली. गावच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर बाजार समिती तीन दिवस बंद असल्याचा निरोप फिरला, आणि तो जुना होता हे कळेपर्यंत दोन घरांनी भरलेल्या गाड्या रिकाम्या केल्या होत्या. मूळ निरोप कुणाचा, हे आजतागायत कळलेले नाही. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, पण गळून पडलेले नाव काही परत येत नाही.

मॅस्टोडॉनचा मला सर्वांत आवडलेला गुण मात्र माझ्याच चुकीतून कळला. ऑगस्टमध्ये मी कपाशीतल्या डोमकळीचा फोटो टाकला होता. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल आणि आत बोंडअळी. खाली लिहिताना, पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करावा, याऐवजी घाईत मी ‘अठरा’ लिहून बसलो. अठराची वाट पाहणाऱ्याची बोंडे हातची गेलीच समजा. दुसऱ्या दिवशी मी नोंद दुरुस्त केली, तेव्हा ज्यांनी ती बूस्ट केली होती त्यांना बदलाची सूचना आपोआप गेली आणि त्यांतल्या एकाने सुधारलेली नोंद पुन्हा बूस्ट केली. चुकीची दवंडी जिथवर गेली, तिथवर दुरुस्तीची दवंडी जाण्याची सोय प्रत्येक माध्यमात सक्तीची असावी, असे मला वाटते.

आता दोष. माझा चुलतभाऊ पुसदला असतो आणि त्याचे खाते दुसऱ्या सर्व्हरवर आहे. त्याच डोमकळीच्या फोटोखाली माझ्या मोबाइलवर अकरा चांदण्या आणि चार बूस्ट दिसत होते, तर त्याच्या मोबाइलवर दोन आणि शून्य. ‘का दादा, आकडा फुगवून सांगून राहिला काय?’ असे त्याने फोनवर विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण मागाहून समजले: सर्व्हर पुष्कळदा स्वतःपर्यंत पोहोचलेल्या पसंतीच मोजतो, म्हणून मूळ सर्व्हरपासून दूर गेल्यावर बेरीज अपुरी पडते. विकेंद्रित रचनेत हे समजण्यासारखे आहे. पण अपुरी बेरीज पुऱ्या आकड्याच्या थाटात दाखवणे मला पटत नाही. एक तर आकडा लपवावा, नाही तर ‘या सर्व्हरला माहीत असलेल्या पसंती’ असे खाली स्पष्ट लिहावे.

ॲक्टिव्हिटीपबवरच चालणाऱ्या लेमी या चर्चेच्या माध्यमावरही मी दोन महिने काढले. तिथे मत देऊन लेखन वर चढवता किंवा खाली ढकलता येते, आणि मतांवरून क्रम ठरतो. अडचण अशी की ही मते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर खातेदाराच्या नावानिशी जातात, म्हणजे कुणी कशाला विरोध केला हे सर्व्हर चालवणाऱ्याला पाहता येते. मत देणारा मात्र मतपेटीत चिठ्ठी टाकल्याच्या समजुतीत असतो आणि प्रत्यक्षात ग्रामसभेत हात वर करून उभा असतो. बटण दाबण्याआधी हे सांगायला हवे. शिवाय एकच माणूस चार सर्व्हरवर चार खाती उघडू शकतो. एकाच मतदाराचे नाव दोन गावांच्या यादीत असले की काय होते, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. काही सर्व्हरांनी विरोधी मताचे बटणच काढून टाकले आहे आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

दुसऱ्याची नोंद आपल्या शेऱ्यासह पुढे पाठवण्याची सोय मॅस्टोडॉनने टवाळीच्या भीतीने बरीच वर्षे टाळली होती. २०२५ मध्ये ती आली, तीही आपली नोंद कुणाला उद्धृत करता यावी हे मूळ लेखकाने ठरवावे, अशा अटीवर. मी ती परवानगी सर्वांना दिली आहे. पुसदच्या भावाने ती सध्या बंद ठेवली आहे. पाचपैकी माझे चार गुण, आणि त्या आकड्यांचा प्रश्न सुटेपर्यंत त्याचे तीन.