‘महामंडल’ वाचूनही मी पैसे भरले

३,९६,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण परवापर्यंत मी बाहेर सगळ्यांना ‘दीडेक लाख गेले’ असंच सांगत होतो.

मी ठाण्यातल्या एका शाळेत २२ वर्षं मराठी शिकवतोय. हे मुद्दाम लिहितोय, का ते पुढे कळेल. आमची टोळी एकांकिकावाल्यांची, गडकरी रंगायतनच्या आसपास वाढलेली. सात जणांनी पैसे काढून ९४ मिनिटांचा सिनेमा केला. कॅमेरा भाड्याचा, शूटिंग येऊरला आणि माझ्या मेव्हण्याच्या कळव्याच्या घरात, डबे घरचे. पै न् पैचा हिशोब वहीत आहे. म्हणजे आम्ही काही बावळट नव्हतो. निदान तोपर्यंत तरी.

खरा घोर लागतो सिनेमा झाल्यावर. सेन्सर, थिएटरांत सिनेमा पोचवणाऱ्या क्यूब-यूएफओ कंपन्यांचे पैसे, पोस्टर, आणि एवढं करून मल्टिप्लेक्समध्ये पदरात पडणार सकाळचा एखादा शो. अशात कुणी ‘सर, सरकारी अनुदानाचं माझ्यावर सोडा’ म्हणालं की माणूस विरघळतो. हा गृहस्थ वाशीला भेटला, भावे नाट्यगृहाबाहेर, प्रयोग सुटल्यावर. कार्डावर ‘लाइन प्रोड्यूसर आणि लायझनिंग’. फोनमध्ये मोठ्या नटांबरोबरचे सेल्फी. (तसे माझ्याकडेही आहेत. नट बिचारे काढू देतात.)

पहिल्यांदा २१,००० रुपये ‘फाईल चार्ज’. दिले. मग सेन्सर आणि रिलीजचं पॅकेज म्हणून १,३५,०००. हे क्यूआर कोडवर भरले, आणि स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा वॉटर सप्लायर्सचं. मी विचारलं. ‘भावाचं अकाउंट आहे सर, माझं जीएसटीमध्ये अडकलंय.’ पैसे सोडण्याआधी स्क्रीनवर दिसतं ते नाव वाचा हो. मी वाचलं होतं, तरी सोडले. आणि सेन्सरचा अर्ज आपला आपण ई-सिनेप्रमाण पोर्टलवर करता येतो, त्याला मध्यस्थ लागत नाही, हे मला पैसे गेल्यावर आमच्याच एडिटरने सांगितलं. तो २६ वर्षांचा आहे. आधी त्याला विचारायला मला कमीपणा वाटला होता.

आता ते पत्र.

एका रविवारी त्याने मंजुरीचं पत्र आणून दिलं. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मजकूर असा की आपल्या चित्रपटास ‘अ’ दर्जा मिळाला असून ४० लाख रुपये मंजूर, सबब २,४०,००० परतावायोग्य अनामत सात दिवसांत भरावी. ‘अ’ला ४०, ‘ब’ला ३० हे आकडे आमच्या वर्तुळात पोरासोरांना पाठ असतात, त्यामुळे ते खटकलं नाही. पण आमचं साउंड मिक्सिंग तेव्हा व्हायचं होतं! सेन्सर झालेलं नव्हतं! अनुदान असतं तयार सिनेमाला, सेन्सरचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करायचा, मग समिती सिनेमा बघून दर्जा ठरवते. आमचा सिनेमा समितीने काय स्वप्नात बघितला?

आणि शीर्षक. ‘महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडल’. महामंडल. ल. सरकारी महामंडळाच्या कागदावर! २२ वर्षं मी सातवीच्या वह्यांत ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांवर लाल शाईने गोल करतोय. तो ‘ल’ मला दिसला. खरंच दिसला, डोळा अडकला तिथे. मनात म्हटलं, हिंदी टायपिस्ट असेल, हल्ली सगळीकडे असंच चालतं. भाषेची हेळसांड बघून चिडायची इतकी सवय झालीये की खोटेपणासुद्धा मला हेळसांडच वाटला.

पैसे नव्हते. त्यावर तो घरी आला, चहा घेतला आणि बायकोसमोर म्हणाला, ‘फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र केला तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले होते, वहिनी.’ दुसऱ्या दिवशी पाटल्या गोल्ड लोनला. २,४०,००० रोख, पावती नाही. रोख मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, मग तो १९१३चे फाळके सांगो की आणखी काही.

तीन आठवड्यांनी फोन बंद. मग आम्ही पोलिसांच्या दारात. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, ओळख आणि पहिले पैसे खाडीपलीकडे वाशीला, तिकडे जा. खाडीपलीकडे म्हणाले, फिर्यादी ठाण्याचे, रोख घरी दिली, तिकडे जा. चार चकरा झाल्या. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही पोलीस ठाण्यात घ्यावी लागते, हे मला वकिलाने सांगितलं, तेही फी घेऊन. बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १७३ लिहून घेऊन जा, तोंडी बोललात तर ऐकत नाहीत. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर दुसरा प्रश्न, ‘घटना कधीची?’ दीड महिन्यापूर्वीची म्हटल्यावर पलीकडचा आवाजच थंड झाला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो. मग एका साहेबांनी अर्ज वाचून ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ म्हणून सांगितलं. खोटी राजमुद्रा छापणं दिवाणी? मी आवाज चढवला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘हिरोईन कोण आहे तुमच्या पिक्चरमध्ये?’ मागे बसलेले दोघे हसले. सात जणांचे पैसे, बायकोच्या पाटल्या, आणि यांना हिरोईन हवी!

शेवटी बीएनएस ३१८ (भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम) खाली तक्रार घेतली, अकराव्या चकरेला. मूळ पत्र जमा करायला सांगितलं. हवालदाराने ते उलटसुलट करून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘महामंडल’मधल्या ‘ल’भोवती लाल पेनाने गोल, समासात फुली.

‘ओरिजिनलवर हे कोणी केलं?’

‘मी,’ म्हटलं. ‘फोन बंद लागला त्या रात्री.’

‘पुरावा आहे तो, सर,’ तो म्हणाला आणि पंचनाम्यात तेही लिहून घेतलं.