सेंद्रिय द्रावकात लायपेझ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अ‍ॅक्रिलिक रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं कॅंडिडा अंटार्क्टिका या यीस्टचं लायपेझ बी हे एन्झाइम. काम आम्ल आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनवण्याचं, द्रावक बहुतेक वेळा टोल्युइन, हेक्झेन किंवा टर्ट-ब्युटेनॉल. एन्झाइमबद्दल तक्रार नाही, 60 अंशांनाही बिनधास्त चालतं. (कोरडेपणात प्रथिन ताठ राहतं. 1984 मध्ये झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातलं लायपेझ 100 अंशांना चालवून दाखवलं, तेही पाणी नावापुरतं ठेवूनच.) घोळ होतो तो पाण्याचा.

'एक टक्का पाणी घाला' अशी कृती दिसली की सावध व्हावं. टर्ट-ब्युटेनॉल पाण्याशी पूर्ण मिसळतो, त्यामुळे पाणी त्यातच राहतं आणि एन्झाइमच्या वाट्याला थोडंच येतं. हेक्झेनमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही, तेवढंच पाणी मण्यांवर जाऊन बसतं. मग मणी काचेवर गठ्ठा धरतात आणि शेकर कितीही वाढवला तरी सुटत नाहीत. म्हणून टक्केवारी सोडा, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (पाणी किती मोकळं आहे याचं 0 ते 1 असं माप) जुळवा. मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर 25 अंशांना ती 0.33 असते, मिठाच्या द्रावणावर 0.75. मणी उघड्या वाटीत पसरून अशा द्रावणावर बंद बरणीत एक-दोन दिवस ठेवायचे. सुरुवात 0.33 वर करावी.

पण अभिक्रियाच पाणी सोडते, हे हिशोबात धरायला लोक विसरतात. 10 मिली टोल्युइनमध्ये 0.5 मोलर आम्ल पूर्ण संपलं तर 90 मिलिग्रॅम पाणी सुटतं, आणि तेवढं टोल्युइन 25 अंशांना जेमतेम 3 मिलिग्रॅम विरघळवतं. बाकीचं मण्यांत साचतं आणि अभिक्रिया अर्ध्यावर अडकते. दोष मात्र एन्झाइमला!

यावर उपाय मॉलिक्युलर सिव्ह, म्हणजे पाणी शोषणारे सूक्ष्म छिद्रांचे दाणे. ती स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी घेते, म्हणजे इथे अर्धा ग्रॅम सिव्ह पुरते. एक ग्रॅम टाकलेली बरी. आधी 250 ते 300 अंशांना तापवून घ्यावी. अल्कोहोल मिथेनॉल असेल तर 3 अँगस्ट्रॉम छिद्रांचीच, कारण 4 ची मिथेनॉलही गिळते. सिव्ह जाळीच्या पिशवीत टांगावी. मोकळी टाकली तर मण्यांना घासून पूड करते. मॅग्नेटिक स्टररही तेच करतो, त्यामुळे शेकरच वापरावा.

मण्यांऐवजी एन्झाइमची भुकटी वापरत असाल तर एक जास्तीचं पथ्य: शेवटच्या बफरचा पीएच ती द्रावकातही धरून ठेवते, म्हणून सुकवण्याआधीच योग्य पीएचला आणा.

ग्लिसरॉलसोबत काम केल्यावर मण्यांवर चिकट थर बसतो. तो हेक्झेनने निघत नाही, टर्ट-ब्युटेनॉलने दोनदा धुतला की निघतो.